दार घरचे, लेखनिक कुठला?

संगणकाला काम सांगायचे म्हणजे त्याच्याच भाषेत, एकेक पायरी न चुकता लिहून द्यायची, अशी जुनी रीत. आता आपण साध्या बोलीत सांगावे आणि आज्ञावली कृत्रिम बुद्धीच्या लेखनिकाने लिहून द्यावी, असे दिवस आले आहेत. पुष्कळांच्या यंत्रावर हा लेखनिक ब्राउझरच्या पानातून बोलतो, आणि त्या पानाचा पत्ता असतो १२७.०.०.१. हे दूरचे गाव नव्हे. ‘हेच यंत्र’ एवढाच त्याचा अर्थ. मग लेखनिकही घरचाच म्हणावा काय? उत्तरासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

१९५२ साली अमेरिकेत ग्रेस हॉपर यांनी आज्ञावली जुळवण्याच्या कामाचा काही भाग यंत्रावरच सोपवला. यंत्राने आकडेमोड करावी, आज्ञावली ते कसली रचणार, असे म्हणून लोकांनी प्रथम विश्वास ठेवला नाही. परंतु १९५७ साली जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांची फोरट्रान भाषा आली. माणसाने सूत्रासारखे लिहावे आणि यंत्राने ते आपल्या भाषेत उतरवून घ्यावे, हे रूढ झाले. आजच्या लेखनिकाचे हे पूर्वज.

यंत्र मात्र तेव्हा घरात मावणारे नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक चालू झाले, तेही संस्थेचे यंत्र होते. १९६१ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांनी एकाच यंत्रावर अनेकांना एकाच वेळी बसवण्याची युक्ती दाखवली. सामायिक वाड्यात बिऱ्हाडे नांदावीत तसे हे चालले. प्रत्येक बिऱ्हाडाला कुलूप हवे, म्हणून परवलीचा शब्द आला. पण त्याच दशकात एके दिवशी दोन फायलींची अदलाबदल झाली, आणि यंत्रापाशी येणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या परवलीच्या शब्दांची यादी दिसली! दुसऱ्याच्या घरी ठेवलेल्या वस्तूचे असे होऊ शकते.

पुढे यंत्रे लहान होऊन घरोघर आली. १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी पहिला ब्राउझर चालवला. गंमत अशी, की पान मागणारा ब्राउझर आणि पान देणारा सर्व्हर दोन्ही त्यांच्या एकाच यंत्रावर होते. जगाचे जाळे आधी एका मेजावर विणले गेले. २०११ साली आयपायथनच्या वहीने तीच वाट धरली: पान ब्राउझरात, गणित आपल्याच यंत्रात.

पण २०२१ साली गिटहब कोपायलट आला, तेव्हा लिहिणारी बुद्धी दूरच्या मोठ्या यंत्रांत होती. आपण लिहीत असलेला मजकूर तिकडे जाई आणि पुढच्या ओळी इकडे येत. २०२३ च्या फेब्रुवारीत मेटा कंपनीने लामा हे प्रारूप संशोधकांना दिले, आणि मार्चमध्ये गेओर्गी गेर्गानोव्ह यांनी ते साध्या लॅपटॉपवर चालेल अशी आज्ञावली लिहिली. त्यातल्या लहान प्रारूपाचे सुमारे १३ गिगाबाइटांचे ओझे, आकड्यांचा बारीकपणा कमी करून, सुमारे ४ वर आणले गेले. लेखनिक खरोखर घरी राहायला आला.

म्हणून आज दोन्ही प्रकार एकाच वेषात भेटतात. पत्ता तोच, पान तेच. एकात बुद्धी आपल्या यंत्रात असते, दुसऱ्यात ते पान केवळ निरोप्या असून प्रत्येक प्रश्न परगावी पोचवतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. इंटरनेटची जोडणी काढावी आणि मग प्रश्न विचारावा. उत्तर आले तर लेखनिक घरचा.

परगावचा असला म्हणून तो वाईट ठरत नाही. पुष्कळदा तोच अधिक हुशार असतो. पण दुकानाचा हिशेब, रुग्णांची टिपणे किंवा परवलीचे शब्द त्याच्यापुढे ठेवण्यापूर्वी तो कुठे बसतो हे ठाऊक हवे. आणि घरचा असला तरी त्याच्या हाती साऱ्या फायलींच्या किल्ल्या देऊन आपण झोपी जाऊ नये. त्याने लिहिलेले वाचून मगच चालवावे. लिहिणारा कुणीही असो, खाली सही आपलीच असते.