रिकाम्या खुर्चीचा इतिहास

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले. लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीच्या या विमानात ३५ प्रवासी होते. त्यांत राजघराण्यांतली मंडळी होती, तसेच स्वतः जे. आर. डी. टाटाही होते. वाटेत कैरो आणि जिनिव्हा येथे मुक्काम, आणि आठवड्यातून एकच फेरी. स्वतंत्र भारताची ही झेप आपण अभिमानाने सांगतो, आणि ते रास्तच आहे. पण याच घटनेतून एक वेगळा प्रश्न निघतो. मूठभर प्रतिष्ठितांच्या या वाटेवर पुढे नर्स, विद्यार्थी, लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई यांना जागा कशी मिळाली?

‘तंत्रज्ञान सुधारले, लोकांकडे पैसा आला’ हे नेहमीचे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. लांब पल्ल्याच्या विमानात सामान्य माणसाला जागा मिळवून दिली ती मुख्यतः विमान कंपन्यांच्या एका भीतीने. ती भीती रिकाम्या खुर्चीची.

आपल्याकडचा वडापवाला जीप भरल्याशिवाय हलत नाही. विमानाला ही मुभा नाही. वेळापत्रक काही महिने आधी ठरते, कोणत्या मार्गावर कोणते विमान लावायचे तेही बरेच आधी ठरते. विमान एकदा सुटले की त्यातली रिकामी खुर्ची कायमची वाया जाते, कारण ती उद्यासाठी राखून ठेवता येत नाही. इंधन, वैमानिक, विमानतळाचे भाडे हा खर्च मात्र विमान भरले काय आणि अर्धे गेले काय, जवळजवळ तेवढाच होतो.

जेट युग आले तेव्हा ही अडचण सौम्य होती. १९६० साली एअर इंडियाने बोइंग ७०७ विमाने लंडन आणि न्यूयॉर्कच्या मार्गांवर आणली. दीडशेच्या आसपास प्रवासी नेणारे हे विमान भरणे अवघड नव्हते. खरा पेच पडला तो त्यानंतर. पॅन ॲम कंपनीचे प्रमुख हुआन ट्रिप यांनी एप्रिल १९६६ मध्ये २५ बोइंग ७४७ विमानांची मागणी नोंदवली. त्यांचे गणित सरळ होते : विमान मोठे केले की दर खुर्चीमागचा खर्च उतरतो, तिकीट स्वस्त करता येते, आणि माणसे येतात. २२ जानेवारी १९७० रोजी पहिले जम्बो न्यूयॉर्कहून लंडनला निघाले, तेही कित्येक तास उशिरा. ठरलेल्या विमानाचे इंजिन तापल्याने ऐनवेळी दुसरे जम्बो लावावे लागले होते.

ट्रिप यांच्या गणितात एक गोम होती. खर्च दर खुर्चीमागे उतरतो, पण ती खुर्ची भरली तरच. जम्बो आले आणि अमेरिकेत मंदी आली. पाठोपाठ १९७३ चा तेलाचा भडका उडाला. जागा भरेनात, तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सने खुर्च्या काढून विमानात पियानो असलेला बार थाटला होता! १९७१ मध्ये मुंबईत उतरलेल्या एअर इंडियाच्या ‘एम्परर अशोक’च्या खिडक्यांभोवती झरोक्यांची नक्षी रंगवली होती, पण त्या महालालाही प्रवासी लागतच.

यातून मार्ग काढला तो कागदावरच्या गणिताने. बीओएसी या ब्रिटिश कंपनीने तीन आठवडे आधी तिकीट काढणाऱ्यांना सवलत देऊ केली. मग प्रश्न आला : अशा स्वस्त जागा किती ठेवायच्या? सगळ्याच आधी विकल्या, तर शेवटच्या क्षणी येणारा, पूर्ण भाडे देणारा व्यापारी परत जाणार. १९७२ मध्ये त्याच कंपनीतील केन लिटलवुड यांनी त्याचा नियम मांडला. समजा, पूर्ण भाडे १००० आणि सवलतीचे ४०० आहे. एखादी जागा पूर्ण भाड्याने जाण्याची शक्यता शंभरात चाळीसहून अधिक असेल, तोवर ती राखून ठेवावी. त्याखाली गेली की स्वस्तात द्यावी. शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे पैसे मोजलेले असतात, त्याचे मूळ इथे आहे. स्वस्त तिकीट हे दान नव्हते. रिकामी खुर्ची आणि रिकामा गल्ला यांतून निघालेली ती तडजोड होती.

दुसरा मार्ग विमानच बदलण्याचा. १९७६ मध्ये आलेले ७४७ एसपी मूळ जम्बोहून सुमारे १४ मीटर आखूड होते. खुर्च्या कमी, पण न्यूयॉर्कहून थेट टोकियो गाठण्याची ताकद. अशी विमाने ४५ च बनली, तरी दिशा कळली. १९८५ पासून दोन इंजिनांच्या विमानांना जवळच्या विमानतळापासून १२० मिनिटांच्या अंतरापर्यंत जाण्याची परवानगी मिळू लागली आणि महासागर त्यांना खुले झाले. चार इंजिनांचे एक अवाढव्य विमान भरण्यापेक्षा मध्यम आकाराची विमाने अधिक गावांना थेट धाडणे परवडू लागले. २००७ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने ४७१ आसनांचे ए३८० सिडनीला नेले. पण २०२१ मध्ये शेवटचे ए३८० ग्राहकाच्या हवाली झाले आणि ते पर्व संपले.

त्याच कंपनीचा सिंगापूर-न्यूअर्क मार्ग या साऱ्याचे सार सांगतो. २००४ मध्ये तिथे १८१ आसनांचे ए३४०-५०० होते. २००८ मध्ये त्याच विमानात बिझनेस वर्गाची फक्त १०० आसने ठेवली. इंधनाच्या भाराने २०१३ मध्ये मार्ग बंद पडला आणि २०१८ मध्ये दोन इंजिनांच्या ए३५० वर पुन्हा सुरू झाला : १६१ आसने, आणि त्यांत साध्या वर्गाचे एकही नाही.

इथेच थांबून विचार करावा लागतो. जम्बो भरताना कंपन्यांना सामान्य प्रवाशाची गरज होती. आता मागणीच्या मापाचे विमान बेतता येते. खुर्ची रिकामी राहण्याची भीती ओसरली, तशी ती गरजही पातळ होत चालली आहे.

२२ एप्रिल २०२४ रोजी एअर इंडियाचे ‘आग्रा’ नावाचे जम्बो मुंबईहून शेवटचे उडाले. उड्डाणानंतर त्याने पंख हलवून निरोप घेतला, तेव्हा त्यात प्रवासी नव्हते. ज्या खुर्च्या भरण्याच्या धडपडीतून आपल्यातले कित्येकजण सातासमुद्रापार गेले, त्या सगळ्या रिकाम्याच होत्या.