मातीचें सैन्य आणि अडगांवची लढाई

माझ्या जन्मगांवाचें नांव संग्रामपूर. नांवांत संग्राम असलेल्या या गांवीं लहानपणीं मीं जो संग्राम पाहिला, तो दिवाळींत अंगणांत मांडलेल्या मातीच्या किल्ल्याभोंवतीं. दगडविटांवर चिखल लिंपावा, त्यावर मोहरी पेरावी, वर महाराजांस सिंहासनावर बसवावें आणि वाटेवाटेवर मावळे उभे करावे, एवढ्यांत आमची सुटी संपून जाई. त्या सैन्यांत एक मोठें न्यून असे, व तें कोणाच्या लक्षांतहि येत नसे. मावळ्यांच्या समोर शत्रूच नसे! ज्या सैन्यास शत्रु नाहीं त्यास पराभव ठाऊक नसतो. आणि पराभव वगळून शिकलेला इतिहास हा अर्धाच इतिहास होय. पंचवीसांहून अधिक वर्षें महाविद्यालयांत इतिहास शिकविल्यावर गेल्या दिवाळीच्या सुटींत हें न्यून भरून काढण्याचा एक लहानसा प्रयोग मीं घरच्या व शेजारच्या मुलांस हाताशीं धरून केला. त्याचा वृत्तान्त वाचकांपुढें ठेवीत आहें.

लढाईचा खेळ हा केवळ पोरखेळ नव्हे. बुद्धिबळांतील हत्ती, घोडे व प्यादीं हीं प्राचीन चतुरंग सेनेचींच वंशज होत. परंतु बुद्धिबळांत दोन्ही बाजू बरोबरीच्या असतात, भूमि सपाट असते, आणि प्यादें भिऊन कधीं पळत नाहीं. खऱ्या रणांगणावर या तिन्ही गोष्टी विरळा. हें ओळखून प्रशियांतील राइसविट्झ पितापुत्रांनीं निराळा खेळ रचला. पित्यानें १८१२ सालीं राजापुढें टेकड्या-नद्या दाखविणारें मेज मांडलें. तोफखान्यांत अधिकारी असलेल्या पुत्रानें १८२४ सालीं नकाशा, फासे व पंच यांसह नियम छापून प्रसिद्ध केले, आणि सैनिकी शिक्षणांत त्या खेळास स्थान मिळालें. पुढें १९१३ सालीं एच. जी. वेल्स या कादंबरीकारानें शिशाच्या शिपायांच्या खेळावर एक पुस्तकच लिहिलें. आज इंग्लंड-अमेरिकेंतील हौशी लोक याच्याहि पुढें जाऊन एका विशिष्ट काळाचें, विशिष्ट सरदाराचें, किंबहुना विशिष्ट दिवसाचें सैन्य चिमुकल्या रूपांत उभें करतात व तें लढवितात. त्या सैन्यांत जें जें होतें तें सर्व हवें, आणि जें नव्हतें तें मुळींच नको, असा त्यांचा दंडक असतो.

मग आम्हीं कोणता दिवस निवडावा? त्यासाठीं दूर जाण्याचें कारण नव्हतें. वान नदी ओलांडून पूर्वेस गेलें म्हणजे आमच्या गांवापासून एका दिवसाच्या मजलीवर तेल्हाऱ्याच्या भागांत अडगांव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईस जय मिळविल्यानंतर जनरल वेलस्लीनें २९ नोव्हेंबर रोजीं याच अडगांवच्या मैदानावर नागपूरकर रघुजी भोसल्यांचे बंधु व्यंकोजी यांच्या व शिंद्यांच्या एकवटलेल्या फौजेशीं युद्ध केलें. हा वेलस्ली पुढें वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगास ठाऊक झाला. आमच्या शाळकरी मुलांस वॉटर्लू ठाऊक होतें, अडगांव ठाऊक नव्हतें.

पोळ्याचे बैल करणाऱ्या कुंभाराकडून कमावलेली माती आणली. कारण आमची काळी माती वाळतांना तडकते. एका बाहुलीस दोनशें माणसें असें प्रमाण ठरविलें. वेलस्लीकडे व त्याचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन याच्याकडे मिळून सुमारें ११,००० लोक होते, म्हणून पंचावन्न बाहुल्या त्यांच्या. विरुद्ध बाजूचे आंकडे अंदाजाचे. आम्हीं दीडशें केल्या. मराठ्यांच्या अडतीस तोफा त्या दिवशीं शत्रूच्या हातीं पडल्या, म्हणून दोन तोफांस एक याप्रमाणें एकोणीस तोफा घडविल्या. गच्चीवर एका मैलास एक हात धरून भूमि आंखली. मराठ्यांची रांग पांच मैलांहून लांब होती. तिला पांच हातांहून अधिक जागा लागली. या हिशेबानें बाहुली टेकडीहून उंच होते खरी, परंतु तेवढी लबाडी या खेळांत क्षम्य मानतात.

घडवूं लागतांच प्रश्नांची रांग लागली. ग्रंथांत ‘मराठी फौज’ हे दोन शब्द वाचून आपण पुढें जातों. मातीस तसें पुढें जातां येत नाहीं. या शिपायाच्या डोक्यास काय बांधावें, हातांत काय द्यावें, हें ठरविल्यावांचून बाहुली पुरी होत नाहीं. तेव्हां ध्यानांत आलें कीं, ही फौज एकरंगी नव्हतीच. भोसल्यांचें पायदळ व तोफखाना, त्यांच्या पदरचे अरब, शिंद्यांचे घोडदळाचे दाट थवे आणि त्यांच्या कडेस पेंढारी, असा तो मेळा होता.

खरी अडचण दुसऱ्या बाजूची. ‘इंग्रज’ करावयास एकहि मूल तयार होईना. शेवटीं माझी पुतणी रागारागानें बसली व यादी वाचूं लागली. गोऱ्या पलटणी थोड्या. रांगेंतील बहुतेक शिपाई मद्रासचे. शिवाय म्हैसूरचे घोडेस्वार, निजामाचे घोडेस्वार. त्या मोहिमेंत वेलस्लीबरोबर पेशव्यांचे सरदार बापू गोखलेहि होते. तेच गोखले पुढें २० फेब्रुवारी १८१८ रोजीं आष्टीस इंग्रजांशीं लढतां लढतां पडले. लाल रंगाची वाटी हातांत धरून ती मुलगी म्हणाली, “काका, मग यांत इंग्रज कोण?” माझ्या वर्गांत इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला असेल.

आतां लढाई. त्या दिवशीं इंग्रज उन्हांतून लांब मजल मारून आले होते. एका गांवच्या बुरुजावरून वेलस्लीस मराठ्यांची फौज दिसली, आणि दिवस कलला असतांहि त्यानें लढण्याचें ठरविलें. आजारी स्टीव्हन्सन हत्तीवर बसून हुकूम देत होता. मराठ्यांच्या तोफा सुरू होतांच, असईस उत्तम लढलेल्या जवळजवळ तीन देशी पलटणी मोडून पळाल्या. वेलस्ली जवळच होता म्हणून त्यानें त्यांस सावरून पुन्हां रांगेंत आणलें.

हा प्रसंग खेळांत यावा म्हणून आम्हीं फाशाचा नियम केला. फासा प्रतिकूल पडला कीं पलटण मागें. पहिल्या डावांत मराठ्यांची सर्व सूत्रें माझ्या थोरल्या पुतण्याकडे होतीं. पलटणी मोडतांच त्यानें सारें घोडदळ एकदम घातलें आणि तो जिंकला! गच्चीवर फटाके वाजले. मीं मात्र त्यास सांगितलें कीं, हा जय तुझा आहे, व्यंकोजींचा नव्हे. कारण तूं एकटा होतास.

वस्तुस्थिति अशी कीं, लढाईच्या सहाच दिवस आधीं, २३ नोव्हेंबर रोजीं, शिंद्यांच्या वकिलांनीं वेलस्लीशीं युद्धतहकुबीचा करार केला होता. त्यांत भोसले सामील नव्हते. म्हणजे एकाच रांगेंत उभ्या असलेल्या दोन सत्तांपैकीं एक कागदावर तह करून मोकळी होती, व दुसरी लढत होती. दुसऱ्या डावांत म्हणून मीं नियम बदलला. भोसले एका मुलाकडे, शिंदे शेजारच्या मुलाकडे. दोघांनीं पाठ लावून बसावें, बोलूं नये, चिठ्ठी पाठवावी, आणि ती एक पाळी उशिरा पोंचावी. पलटणी याहि वेळीं मोडल्या. परंतु भोसल्यांची चिठ्ठी शिंद्यांस पोंचेपर्यंत त्या पुन्हां उभ्या राहिल्या होत्या. अरबांनीं गोऱ्या पलटणींवर चाल केली व ते कापले गेले; शिंद्यांचें घोडदळ उशिरा आलें व परतविलें गेलें. प्रत्यक्षांतहि अरबांचा नाश असाच झाला, व शिंद्यांच्या स्वारांची चढाई एका देशी पलटणीनें उधळून लावली. दोन सत्तांतील हें दुहीचें अंतर हें पराभवाचें एकमेव कारण नसेल. शत्रूची शिस्त व त्याच्या सेनापतीची धडाडी हींहि होतींच. परंतु माझ्या मतें पूर्वीं मारलेल्या तोफेहून न पोंचलेली चिठ्ठीच त्या दिवशीं अधिक महाग पडली.

मग मेलेल्यांचा हिशेब. इंग्रजांकडील मृत व जखमी मिळून साडेतीनशेंच्या सुमारास होते. आमच्या प्रमाणानें त्या दोन बाहुल्यासुद्धां होत नाहींत. पुतण्यानें विचारलें, “आणि आपल्या किती?” विजेत्यांनीं आपलीं माणसें मोजून ठेवलीं, चांदण्यांत पाठलाग होऊन जीं माणसें शेतांशेतांतून पडलीं, त्यांच्याविषयीं केवळ अंदाज उरले आहेत. गच्चीवर बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येतो. १५ डिसेंबरास गाविलगड पडला; १७ डिसेंबरास देवगांवच्या तहानें भोसल्यांनीं वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला आणि तो निजामाकडे गेला. ३० डिसेंबरास सुर्जी-अंजनगांव येथें शिंद्यांनींहि तह केला. आमचें गांव वर्धेच्या पश्चिमेसच आहे. ज्या भूमीवर आम्ही खेळत होतों तिचें दैव त्या एका संध्याकाळीं फिरलें होतें.

युद्धाचा खेळ मुलांस क्रूर करील, अशी भीति एका स्नेह्यांनीं व्यक्त केली. ती अगदींच निराधार आहे असें मी म्हणत नाहीं. नुसता जिंकण्यासाठीं खेळला तर तसेंहि होईल. परंतु स्वतः वेल्सनेंच हा खेळ सांगून झाल्यावर खऱ्या युद्धाचा मूर्खपणा यावरूनच कळतो, असें मत दिलें होतें. ज्या मुलानें महिनाभर खपून एकेक शिपाई रंगविला, तो त्यास आडवा पाडतांना कचरतो, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

मराठवाड्यांतील वाचकांस राक्षसभुवन (१७६३) व खर्डा (१७९५) जवळ आहेत; जालन्याकडील मंडळींस असई आहे. जवळचें एक रणांगण घ्यावें, दोन्ही बाजू सारख्याच काळजीनें घडवाव्या, आणि पराभव झांकून ठेवूं नये. आमचें सैन्य सध्यां धान्याच्या रिकाम्या कोठींत भुशांत निजलें आहे. पुतणी मात्र आतांच विचारूं लागली आहे कीं, एवढ्या तोफा ओढावयास बैल किती लागत असतील, व त्यांस कडबा कोण देत असे. येत्या पोळ्यास कुंभाराकडे बैलांची मागणी थोडी जास्तच नोंदवावी लागेल, असें दिसतें.