नवजात अर्भकाच्या हृदयाजवळील धमनीविस्फार

धमनीची भित्ती दुर्बळ होऊन तिचा एखादा भाग फुग्यासारखा फुगतो, त्यास धमनीविस्फार म्हणतात. नवजात अर्भकात हृदयाजवळ तो ‘डक्टस आर्टेरिओसस’ या तात्पुरत्या रक्तवाहिनीत उद्भवू शकतो.

गर्भावस्थेत फुप्फुसे श्वसन करीत नसल्याने फुप्फुसधमनीतील बहुतांश रक्त या वाहिनीतून थेट महाधमनीत जाते. जन्मानंतर रक्तातील प्राणवायू वाढतो, प्रोस्टाग्लँडिन या द्रव्याचे प्रमाण घटते आणि वाहिनी आकुंचन पावते. पूर्ण दिवसांच्या बाळात ती साधारणतः ७२ तासांत मिटते. पुढील दोन-तीन आठवड्यांत तिचे तंतुमय बंधात रूपांतर होते. मिटण्याची क्रिया फुप्फुसधमनीच्या टोकाकडून सुरू होते. महाधमनीकडील टोक उघडेच राहिले, तर तेथे पिशवीसारखी पोकळी उरते आणि रक्तदाबाने फुगते.

असे बहुतेक फुगवटे कोणतेही लक्षण न दाखवता आपोआप नाहीसे होतात. तथापि पोकळीत रक्त साकळून गुठळी होऊ शकते. गुठळी तेथेच राहिली, तर सहसा अपाय होत नाही. ती शेजारच्या धमनीत पसरली किंवा तिचा तुकडा सुटून मेंदू, मूत्रपिंड वा हातापायांकडे गेला, तर मात्र जिवावर बेतते. फुगवटा फुटणे, त्यात जंतुसंसर्ग होणे, श्वासनलिकेवर किंवा स्वरयंत्राच्या मज्जातंतूवर दाब येणे हे अन्य धोके होत. मार्फान किंवा एलर्स-डॅनलॉस यांसारख्या संयोजी ऊतींच्या विकारांत अधिक दक्षता आवश्यक असते.

निदान इकोकार्डिओग्राफीने होते. बोटाला लावायच्या पल्स ऑक्सिमीटरने प्राणवायूची कमतरता कळते. फुगवटा दिसत नाही. लहान, लक्षणरहित फुगवट्यास ठरावीक अंतराने फेरतपासणी पुरते. गुठळी पसरत असल्यास तज्ज्ञ हेपारिनसारख्या औषधाचा विचार करतात. फुगवटा नवजात काळानंतरही टिकला, वाढला किंवा आसपासच्या अवयवांवर दाब आणू लागला, तर शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावा लागतो.

वाहिनी मिटण्याचा हा काळ आणि बाळ-बाळंतिणीने घरी परतण्याचा काळ बहुधा एकच असतो. त्यामुळे मोठ्या रुग्णालयापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांना लक्षणांची माहिती असणे महत्त्वाचे ठरते. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांचे नाव धारण करणारे इंदूर जिल्ह्यातील गौतमपुरा असो वा गोव्यातील काणकोण, सत्तरी; तज्ज्ञ तपासणीसाठी तेथून अनुक्रमे इंदूर वा बांबोळी गाठावी लागते. रुग्णालयात प्रसूती झाल्यास आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अपेक्षित असतात. पहिल्या भेटी नेमक्या याच काळात येतात.

बाळाचा श्वास जलद चालणे, दूध ओढताना धाप लागणे किंवा घाम येणे, ओठ व जीभ निळसर होणे, रडण्याचा आवाज घोगरा होणे, एखादा हात वा पाय थंड आणि फिकट पडणे, बाळ निपचित राहणे ही लक्षणे दिसताच घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमांतर्गत सरकारी रुग्णालयात आजारी अर्भकाचे उपचार आणि वाहतूक विनामूल्य आहे. गर्भावस्थेतील सोनोग्राफीत किंवा जन्मानंतर फुगवटा आढळला असेल, तर बाळ सुदृढ दिसत असले तरी फेरतपासणी चुकवू नये.