ग्रूटचा मक्ता

घरच्या घरी बिअर आंबवण्याच्या नादी लागलेला नवशिका एकदोन खेपा साधल्या की तीत धणे, संत्र्याची साल, आले किंवा एखादे रानफळ घालून पाहू लागतो, आणि हॉपच्या फुलांखेरीज दुसरे काही घातलेले पाहताच जाणते म्हणवणारे लोक परंपरा बुडाल्याची हाकाटी करतात. युरोपचा इतिहास चाळला असता मात्र परंपरा त्या नवशिक्याच्याच बाजूची आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

मध्ययुगात ऱ्हाइनच्या मुखाकडील सखल मुलखात बिअरला स्वाद आणण्यासाठी जे वनस्पतींचे मिश्रण वापरीत त्यास ग्रूट म्हणत. दलदलीत वाढणारे बॉग मर्टल हे सुगंधी झुडूप त्यात प्रमुख असे, आणि यारोसारख्या इतर वनस्पती प्रदेशपरत्वे मिसळल्या जात. ते विकण्याचा अधिकार राजसत्तेचा, आणि तिने सनद देऊन ज्यास तो बहाल करावा त्याचा. सम्राट दुसरा ओटो याने ९७४ मध्ये फॉस येथील हा हक्क लिएजच्या बिशपास दिला. ब्रुज शहरी तर एका घराण्याकडे हा मक्ता वंशपरंपरा चालला, त्यावरूनच ते ग्रूटहूझ म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि त्याचा पंधराव्या शतकातील प्रासाद आज संग्रहालय म्हणून उभा आहे. बिअर करणाऱ्याने ग्रूट मक्तेदाराच्या कोठीतूनच घ्यावे असा दंडक असल्यामुळे त्या मिश्रणाच्या किमतीतच कर वसूल होई.

हॉपची फुले या सनदांच्या कक्षेबाहेरची होती. त्यांतील कडू राळ जंतूंना आवर घालते, त्यामुळे बिअर लवकर बिघडत नाही व समुद्रमार्गे दूर धाडता येते. ब्रेमेन, हॅम्बुर्ग या बंदरांनी चौदाव्या शतकापर्यंत याच बळावर मोठा व्यापार उभारला. ग्रूटच्या हक्कदारांनीही पुढे हॉपच्या बिअरवरच कर बसवून आपली तूट भरून काढली. १५१६ मध्ये बव्हेरियाच्या ड्यूकांनी इंगोलश्टाट येथे सातू, हॉप व पाणी एवढ्यांचीच मुभा देणारा जो हुकूम काढला, त्याचा आज शुद्धतेचे फर्मान म्हणून गौरव होतो; परंतु त्याच हुकमात बिअरचे दरही बांधून दिलेले आहेत, हे सहसा कोणी सांगत नाही. इंग्लंडात १७१० च्या कायद्याने हॉपवर जकात बसली, तेव्हा ती बुडू नये म्हणून धंदेवाईकांना हॉपऐवजी अन्य कडू पदार्थ वापरण्याची मनाई झाली.

सरकारी दप्तराचा हात जेथे सैल राहिला तेथे जुनी वहिवाट टिकली. नॉर्वेच्या शेतघरांत जुनिपरच्या फांद्या पाण्यात उकळून त्याच पाण्यात मोड आणून वाळवलेला सातू भिजवतात. पिंपाच्या तळाशीही फांद्या अंथरतात, त्यांतून गोड रस गाळून उतरतो आणि उतरता उतरता त्यांचा राळेसारखा वास उचलतो. बेल्जियमच्या हूगार्डन गावी धणे व संत्र्याची साल घालून केलेली गव्हाची बिअर मात्र बंद पडली होती, तिचे पियेर सेलिस यांनी १९६६ मध्ये पुनरुज्जीवन केले.

घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना इंग्लंडात १९६३ मध्ये रद्द झाला, आणि अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने तिला मोकळीक मिळाली. जेथे ही मुभा आहे तेथील नवशिक्याने ती निःसंकोच वापरावी. मात्र एका खेपेस एकच पदार्थ निवडावा, २० लिटरला १५ ते २० ग्रॅम धणे भरड कुटून उकळीच्या अखेरच्या पाच मिनिटांत घालावेत, आणि रानातील अनोळखी पाला, जुन्या ग्रंथात त्याचे नाव आढळले तरी, पिंपात टाकू नये.