चिंचेनं घासलेला रुपया

लहानपणी ईदच्या आधी दोन दिवस एक काम हमखास माझ्या वाट्याला यायचं. अम्मीची हमेल घासायची. हमेल म्हणजे काळ्या गोफात ओवलेले चांदीचे अकरा रुपये. प्रत्येक रुपयाच्या डोक्यावर सोनारानं टाका मारून कडी बसवलेली. चिंचेचा कोळ आणि चुलीतली राख घेऊन मी अंगणात बसायचो आणि राजाराणीचे चेहरे चमकेपर्यंत घासत राहायचो. अम्मी म्हणायची, "शाब्बास बेटा, आता कशी नवी दिसते!" त्या शाबासकीसाठी मी आणखी चार हात जोरात मारायचो.

अम्मी गेली. तिची पेटी उघडली तेव्हा जुन्या लुगड्याच्या घडीत ती हमेल निघाली. आम्ही दोन भावंडं, मी आणि माझी धाकटी बहीण. हमेल तोडायची नाही, यावर दोघांचं एकमत झालं. तिला त्या वेळी पैशांची गरज होती. म्हणून ठरलं असं की हमेल मी ठेवावी आणि तिच्या वाट्याचे पैसे तिला द्यावेत. प्रश्न एवढाच उरला, की किंमत कुठली धरायची?

सोपा मार्ग इतवारीच्या सराफ्याचा. तिथं गेलो. सराफानं काटा लावला, चांदीचा भाव सांगितला, घट वजा केली आणि आकडा कागदावर लिहून दिला. पण निघताना म्हणाला, "भाऊ, एकदा नाणेवाल्यांना दाखवा. यातला एक सन १९११चा दिसतो."

म्हणून मी शहरात भरलेल्या नाण्यांच्या एका प्रदर्शनात जाऊन पोचलो. तिथं माझ्या हमेलीवरून दोन संग्राहकांची जी जुंपली, ती ऐकताना मला कळलं की नाण्याची किंमत हा नुसता व्यवहार नाही, तो इतिहासातला जुना वाद आहे.

आधी त्या १९११च्या रुपयाची हकिकत सांगतो. पंचम जॉर्ज गादीवर आला आणि त्याच्या मुखवट्याचा नवा रुपया निघाला. राजाच्या अंगावरच्या झग्यावर एका मानचिन्हाची साखळी कोरलेली होती आणि त्या साखळीत एक छोटा हत्ती होता. पण कोरणाऱ्यानं सोंड इतकी आखूड काढली की लोकांना तो हत्ती डुक्कर वाटला. मुसलमानांना ते रुचणं शक्यच नव्हतं आणि हिंदूंमध्येही नाराजी पसरली. रुपया 'डुक्करछाप' म्हणून बदनाम झाला. टांकसाळीत सुमारे ९४ लाख रुपये पडले होते, त्यांतले जेमतेम ७ लाख लोकांच्या हाती गेले होते. उरलेले सरकारनं वितळवले. १९१२च्या रुपयावर हत्तीला नीट सोंड आली आणि तक्रार मिटली.

आता गंमत पाहा. ज्या नाण्याला आमच्या पूर्वजांनी नाक मुरडलं असेल, तेच माझ्या दादीच्या आणि मग अम्मीच्या गळ्यात वर्षानुवर्षं होतं. दोघींनी हत्तीची सोंड कधी निरखली नसावी. त्यांच्या लेखी तो एक राजाछाप रुपया होता, अडीनडीला उपयोगी पडणारा.

प्रदर्शनातले पहिले संग्राहक तरुण होते. त्यांनी भिंग लावलं, रुपया फिरवून पाहिला आणि उसासा टाकला. "साहेब, कडीचा टाका आहे. त्यातून हे घासलेलं आहे. राजाच्या दाढीचे केस गेलेत. याची दर्जाच्या हिशेबात काही किंमतच नाही. न वापरलेला, न घासलेला असता तर गोष्ट वेगळी." त्यांनी मला प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद केलेलं एक नाणं दाखवलं. डबीवर परदेशी कंपनीनं दिलेला दर्जाचा आकडा होता. म्हणाले, "आता बाजार या आकड्यावर चालतो."

शेजारच्या टेबलावर एक निवृत्त गृहस्थ बसले होते. त्यांना राहवलं नाही. "अरे, नाणं हे चलनासाठी असतं. जे चाललंच नाही, ते नाणं कसलं? या रुपयानं बाजार पाहिला, लग्नं पाहिली, दुष्काळ पाहिला. तू त्याला नापास करतोस?" तरुण म्हणाला, "काका, भावना बरोबर आहे, पण गिऱ्हाईक भावनेला पैसे देत नाही." अर्धा तास वाद चालला. दोघांनी सांगितलेल्या किमतींत तिपटीचा फरक होता.

मित्रहो, हा दर्जाचा आकडा आला कुठून? अमेरिकेत विल्यम शेल्डन नावाच्या गृहस्थानं १९४९ मध्ये तांब्याच्या जुन्या सेंटसाठी एक ते सत्तर अशी मोजपट्टी तयार केली. ती पुढं सगळ्या नाण्यांना लागू झाली आणि १९८० च्या दशकात नाणी तपासून डबीत बंद करून देणाऱ्या कंपन्या निघाल्या. हेच लोण मग तिकडच्या बेसबॉल खेळाडूंच्या चित्रांच्या पत्त्यांना लागलं. कधी काळी सिगारेटच्या पाकिटात फुकट मिळणारे हे पत्ते. आज त्यांना एक ते दहा गुण देतात. मिकी मँटल या खेळाडूचा १९५२चा पत्ता साडेनऊ गुणांचा होता म्हणून २०२२ मध्ये सव्वा कोट डॉलरच्या वर गेला.

पण या मोजपट्टीची दुसरी बाजूही ऐका. होनस वॅग्नर या खेळाडूचा १९०९च्या सुमाराचा एक पत्ता सर्वांत गाजलेला. त्याला आठ गुण मिळाले होते, कारण त्याच्या कडा धारदार होत्या. पुढं २०१३ मध्ये एका बड्या लिलाववाल्यानं कोर्टात कबूल केलं की त्या कडा त्यानं स्वतः कापल्या होत्या. आणि खुद्द शेल्डन? त्यानं एका प्रतिष्ठित संस्थेच्या संग्रहातली चांगली नाणी काढून त्या जागी आपली हलकी ठेवली होती, हे त्याच्या मृत्यूनंतर उघड झालं. तात्पर्य, आकडा कितीही नेमका असला तरी आकडा देणारा माणूस असतो.

आपल्याकडच्या नाण्यांना तर ही मोजपट्टी नीट बसतच नाही. यंत्रावर पडलेली नाणी एकसारखी असतात, त्यामुळे झीज मोजता येते. आपली जुनी नाणी हातानं पाडलेली. खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये धातूची चकती आणि वरून घणाचा घाव. ठसा मोठा, चकती लहान. त्यामुळे प्रत्येक नाण्यावर मजकुराचा वेगळा तुकडा उतरतो. एकावर सन येतं तर गाव येत नाही, दुसऱ्यावर गाव येतं तर राजाचं नाव कापलं जातं.

आमच्या नागपूरकर भोसल्यांचंच उदाहरण घ्या. १७५१ मध्ये ओडिशा मराठ्यांकडे आला आणि कटकच्या टांकसाळीत भोसल्यांचा रुपया पडू लागला. राज्य मराठ्यांचं, पण रुपयावरची भाषा फारसी आणि नाव दिल्लीच्या अहमदशाह बहादूर या बादशहाचं. कारण बाजाराचा विश्वास त्या छापावर होता. नागपूरचे नाणेतज्ज्ञ प्रशांत कुलकर्णी यांनी भोसल्यांच्या नाण्यांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं आहे. असा रुपया हातात आला की मी पहिल्यांदा अक्षरं शोधतो. कारण आजोबांनी मला उर्दूची मुळाक्षरं शिकवली आणि शाळेनं मराठीची. 'जर्ब' हा शब्द दिसला, म्हणजे टांकसाळीचं नाव जवळपास आहे. अशा नाण्यावर कटक हे एक नाव पुरं उतरलेलं असेल, तर झिजलेला रुपयाही गुळगुळीत चकचकीत रुपयाच्या वर जातो.

झिजलेल्या नाण्याला कमी लेखणं हीही काही आजची रीत नाही. अठराव्या शतकातल्या बंगालात रुपयाला वय असायचं. टांकसाळीतून आलेला ताजा 'सिक्का' रुपया पहिल्या वर्षी पुऱ्या किमतीला चाले. दुसऱ्या वर्षी त्यावर साधारण तीन टक्के बट्टा बसे, तिसऱ्या वर्षापासून पाच टक्के. मग त्याला 'सनवात' म्हणत. चांदी जवळपास तेवढीच, फक्त त्यावरचं सन जुनं. सराफ कुठला रुपया कुठल्या दर्जाचा ते ठरवत आणि खात्री करायला त्यावर बारीक छिन्नीचे घाव घालत. त्या घावांमुळे नाणं पुन्हा खराब ठरे. यात सराफ कमावत आणि रयत गमावत असे. शेवटी कंपनी सरकारनं नाण्यावरचं सनच गोठवलं. बादशहा शाहआलमचं एकोणिसावं वर्ष वर्षानुवर्षं छापलं गेलं, म्हणजे रुपया म्हातारा होणारच नाही! पुढं १८३५च्या कायद्यानं कंपनीच्या मुलखात १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया आला आणि हा गोंधळ हळूहळू संपला. आजचा संग्राहक भिंग लावून 'दर्जा कमी' म्हणतो तेव्हा मला त्या सराफाची आठवण येते.

आणि कधी कधी तर नाण्याची खराबी हाच इतिहास असतो. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी इथं चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी, सगळी क्षहरात राजा नहपानाची. पण त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारला होता. नहपानाच्या मुखवट्यावर डोंगराची खूण, मागच्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. दर्जाच्या हिशेबात ही नाणी विद्रूप. पण सातवाहनांनी नहपानाचा पाडाव केला आणि त्याचं धन आपल्या नावावर चालवलं, याचा याहून पक्का पुरावा कुठला? तो साठा निष्कलंक असता तर इतिहासाचं एक पान कोरं राहिलं असतं.

आपल्या शिवराईचंही तसंच. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. हे तांब्याचं नाणं महाराजांनंतरही पिढ्यान्‌पिढ्या बाजारात फिरत राहिलं, पार इंग्रजी अमलापर्यंत. बहुतेक शिवराया झिजलेल्या मिळतात, कारण लोकांनी त्या वापरल्या. उलट सोन्याचा शिवकालीन होन इतका दुर्मीळ की त्याच्या नकला मात्र भरपूर. ज्याला हव्यास आहे त्याला नक्कल गाठतेच. आपण 'नाणं वाजवून घ्यावं' असं म्हणतो ते उगाच नाही.

असो. मूळ गोष्टीकडे येतो. दोन किमती माझ्यासमोर होत्या. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मनात आलं, की सराफानं लिहून दिलेला कागद बहिणीला दाखवावा. कागद खोटा नव्हता. पण मला जे कळलं होतं ते तिला कळलेलं नव्हतं. दोन माणसांच्या व्यवहारात एकालाच माहिती असली की रयत आणि सराफ तयार होतात. मग ती दोन माणसं बहीणभाऊ का असेनात.

मी तिला सगळं सांगितलं. डुकराचा हत्ती, कडीचा टाका, दोघांचं भांडण. ती हसली. म्हणाली, "भाईजान, किंमत कमी केली कुणी? चिंच तर तुम्हीच लावायचात." मी म्हटलं, "म्हणूनच चढा आकडा धरू. घट माझ्या खात्यावर." निवृत्त काकांनी सांगितलेल्या किमतीप्रमाणे तिचा अर्धा वाटा मी हप्त्याहप्त्यानं दिला.

श्रोत्यांना एक विनंती करून थांबतो. घरात जुनं नाणं असेल तर ते चिंचेनं, राखेनं, पावडरीनं घासू नका. त्यावरचा काळपटपणा म्हणजे मळ नव्हे, ते त्याचं वय आहे. शेतात, पायात गाडगं सापडलं तर लपवू किंवा वितळवू नका. १८७८च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा साठा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो आणि अभ्यासकांना तो साठा एकत्र पाहायला मिळाला तरच तो बोलतो. नागपूरच्या अजब बंगल्यात जाऊन मुलांना जुन्या वस्तू दाखवा.

आमची हमेल आता कपाटात आहे. हळूहळू पुन्हा काळवंडते आहे. ईद आली की हात शिवशिवतात, पण मी तिला घासत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)