कुंपणापलीकडचा शेजारी

ग्वाल्हेरचा किल्ला मागे टाकून गिरण्यांच्या दिशेने चालू लागले म्हणजे जी दाट वस्ती लागते तिला हजीरा म्हणतात. आणि अरबीतून फारशीत व फारशीतून आपल्या मुलखात उतरलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ आहे कुंपण घालून राखलेली जागा, जो पुढे थडग्यांच्या आवारास रूढ झाला. हे आवार शेख मुहम्मद गौस या सोळाव्या शतकातील सूफी संताचे. अकबराच्या अमदानीत उभारलेल्या त्याच्या मकबऱ्याला चहूबाजूंनी दगडी जाळ्या आहेत, आणि त्या इतक्या नाजूक कोरलेल्या आहेत की लहानपणी मी त्यांना बोटे लावून हा खरोखरच दगड आहे ना याची खात्री करून घेत असे. शेजारीच तानसेनाची कबर आहे, उघड्या चौथऱ्यावर मोजक्या खांबांच्या आधाराने उभी. तिच्याजवळच्या चिंचेची पाने चघळली म्हणजे गळा गोड होतो या श्रद्धेने गवई तेथे येतात. जाळीची एक गोष्ट मात्र मला फार पुढे उमगली. बाहेरच्या उन्हातून पाहणाऱ्याला ती भिंतीसारखी दिसते, आत अंधारात उभ्या राहिलेल्या माणसाला मात्र तिच्यातून बाहेरचा सारा रस्ता, त्यावरची माणसे, हातगाड्या आणि गुरे स्पष्ट दिसतात.

कुंपणाचा आणि शेजाऱ्याचा संबंध ख्रिस्ती धर्मग्रंथात एका शास्त्र्याच्या प्रश्नातून आला आहे. देवावर सर्वस्वाने प्रीती करावी आणि शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करावी, या दोन्ही आज्ञा यहुदी धर्मशास्त्रात आधीपासूनच होत्या, पण वेगवेगळ्या ठिकाणी. ख्रिस्ताने त्या एकमेकींशेजारी आणून ठेवल्या आणि सारे शास्त्र या दोहोंवर टांगलेले आहे असे सांगितले. लूकने दिलेल्या कथेत मात्र त्या दोन्ही आज्ञा शास्त्रीच म्हणून दाखवतो, आणि मग विचारतो की माझा शेजारी कोण? हा सरहद्दीचा प्रश्न आहे. माझे कर्तव्य कोणत्या हद्दीपर्यंत आणि कोठून पुढे ते संपले, याचा निवाडा त्याला हवा होता. त्याला उत्तर मिळाले ते वाटेवर लुटला गेलेल्या एका जखमी माणसाच्या गोष्टीतून, ज्याला पुरोहिताने टाळले, लेव्याने टाळले आणि ज्याच्या जखमा यहुद्यांना विटाळासारख्या वाटणाऱ्या एका शोमरोनी माणसाने बांधल्या. गोष्ट संपते तेव्हा प्रश्न उलटलेला असतो. शेजारी कोण हे ठरवायचे राहत नाही. शेजारी व्हायचे असते.

मराठी बायबलाने येथे ‘प्रीती’ हा शब्द योजला, आणि त्यामुळे मराठी वाचकापुढे एक अडचण उभी राहते, कारण सक्तीने होते ती प्रीती नव्हे असे आपली भाषा मानते. हुकुमाने सारा वसूल होतो, चाकरी होते, फौज चालते. प्रीती हुकुमाने कशी व्हावी? या प्रश्नाचा उलगडा मराठी ख्रिस्ती माणसांनी ग्रंथ लिहून फारसा केला नाही. दुष्काळाने आणि प्लेगने तो त्यांच्याकडून करवून घेतला, असे मला वाटते, आणि तोच इतिहास येथे सांगायचा आहे.

ग्वाल्हेरला ख्रिस्ती माणूस परका नव्हता. नेपल्सहून आलेल्या फिलोज घराण्याने शिंद्यांच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली. जाँ बातिस्त फिलोजने दौलतराव शिंद्यांसाठी मोहिमा केल्या, आणि त्याच घराण्यातील सर मायकेल फिलोज याने १८७४ साली जयविलास राजवाडा उभा केला. दौलतरावांची छावणी १८१० साली येथे पडली, तिचे लश्कर हे शहर झाले आणि त्या शहरात मराठी वाडे उठले. पण दरबारातली ती ओळख दरबारातच राहिली. वाड्याच्या माजघरापर्यंत ती आली नाही.

मराठी मनाची या धर्माशी खरी गाठ पडली ती येथून फार दूर नव्हे. बुंदेलखंडात झांशीजवळच्या काशीपुरा गावी १८२५ साली एका चित्पावन कुटुंबात नीळकंठशास्त्री गोऱ्हे जन्मले. घराणे पुढे काशीला राहिले आणि तेथील पंडितांच्या परंपरेत तो तरुण वाढला. मिशनऱ्यांना वादात हरवावे या निश्चयाने त्याने ख्रिस्ती मताचे खंडन करणारा ग्रंथ संस्कृतात रचला, आणि त्याच वादाच्या ओघात, एकेका आक्षेपाचे उत्तर शोधता शोधता, १८४८ साली जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला. नेहेमिया हे नाव धारण केलेला हा पंडित आयुष्यभर तर्कानेच चालला. षड्दर्शनांचे खंडन करणारा त्याचा हिंदी ग्रंथ गाजला, त्याची विरक्ती ज्यांनी पाहिली त्यांचे मस्तक नमले, आणि पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये त्याने केलेल्या कामाची आठवण दीर्घकाळ राहिली. देवावरील प्रीती त्याच्या ठायी उत्कट होती यात मला संशय नाही. पण ती प्रीती प्रमाणांनी सिद्ध केलेली, एकांतात जपलेली आणि पुष्कळशी दुःखी होती; धर्मांतराने त्याचे आप्त दुरावले, आणि पत्नी लक्ष्मीबाई बाप्तिस्मा घेऊन थोड्याच काळात मुलीला मागे ठेवून वारली.

ती मुलगी एलन लक्ष्मी गोऱ्हे. ती परक्यांच्या घरी वाढली, इंग्लंडात शिकली, १८८० साली हिंदुस्थानात परतली आणि पुढे अलाहाबादला अनाथ मुलींच्या आश्रमाची व्यवस्था पाहू लागली. बापाने आयुष्यभर वाद केला आणि मुलीने परक्यांची लेकरे वाढवली. हा फरक दोन स्वभावांचा असेल. तरी एका पिढीत मराठी ख्रिस्ती जीवनाचे पाऊल कोणत्या दिशेने पडले ते या एका घरात दिसते.

गोऱ्ह्यांची पत्रे आणि लेखन पंडिता रमाबाईंपर्यंत पोहोचले, आणि १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेण्याच्या रमाबाईंच्या निर्णयात या लेखनाचा वाटा होता. परंतु रमाबाईंचे मन पहिल्याने हलले ते तर्काने नव्हे. लंडनजवळ फुलम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या. ज्या बायकांची सावली आपल्याकडची सुशील घरे टाळतात त्यांची सेवा या का करतात, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना विहिरीवर ख्रिस्ताला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. पुन्हा शोमरोनीच, पुन्हा कुंपणापलीकडचे माणूस.

रमाबाईंना भूक ऐकून ठाऊक नव्हती. १८७४ साली दक्षिणेत, मद्रास इलाख्यात, पुराणे सांगत पायी भटकणाऱ्या त्यांच्या कुटुंबाला दुष्काळाने गाठले. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली, आणि सोळा वर्षांची रमा आपल्या भावाबरोबर उरली. जिने हे पाहिले तिला १८९६ साली मध्यप्रांतातून दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा घरी बसवेना. तोवर विधवांसाठी त्यांनी काढलेले शारदासदन पुण्यात नावारूपाला आले होते आणि तेथे मुलींना बाटवले जाते म्हणून केसरीने त्यांच्यावर कडक टीका केली होती. सदन चालवणे हेच एक ओझे असताना रमाबाई मध्यप्रांतात गेल्या, मुलींना व विधवांना गोळा केले आणि सुमारे तीनशे जणींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, इतक्या मुलींना शहरात जागा नाही. म्हणून सोलापूरच्या लोहमार्गावरील केडगाव येथे त्यांनी आपल्या शेतावर त्यांना ठेवले, आणि त्या शेतातून मुक्ती नावाची वसाहत उभी राहिली. १९०० च्या दुष्काळात गुजरात आणि इतर भागांतल्या मुली आल्या, आणि एके काळी तेथे दोन हजारांच्या आसपास जीव राहत होते.

या आकड्याजवळ क्षणभर थांबले पाहिजे, कारण दोन हजार माणसांची प्रीती ही भावनेत मावत नाही. ती धान्याच्या कोठारात, विहिरीच्या खोदकामात, कपड्यांच्या गठ्ठ्यांत आणि जमाखर्चाच्या चोपडीत मोजावी लागते. कोणाला खरूज आहे, कोणाचे पोट अन्न ठरू देत नाही, कोणाची भाषाच कोणाला कळत नाही, कोण रात्री ओरडून उठते: हे रोजचे. मुक्तीत मुलींना शेतीचे, विणकामाचे, छपाईचे काम शिकवले गेले, आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उघडले गेले. या सर्व कोलाहलात, हिब्रू आणि ग्रीक शिकून, सामान्य बाईला कळेल अशा साध्या मराठीत बायबलचे भाषांतर रमाबाई करीत राहिल्या. १९२२ च्या एप्रिलात त्या वारल्या तेव्हा ते काम पुरे झाले होते. देवावरील प्रीतीची आज्ञा आणि शेजाऱ्यावरील प्रीतीची आज्ञा यांतली कोणती आधी पाळावी हा प्रश्न त्या वाड्यात कोणास पडला असेल असे वाटत नाही. भाकरी वाढायची आणि मजकूर सुधारायचा, दिवस तेवढ्यातच संपत असे.

तथापि त्या काळाचा जो आक्षेप आहे तो झाकून ठेवणे मला प्रामाणिक वाटत नाही. भुकेल्याला अन्न देऊन धर्म दिला, असे म्हणणारे केवळ द्वेषाने बोलत नव्हते. जिला आईबाप उरले नाहीत त्या मुलीने दुष्काळात मिळालेल्या घासाबरोबर प्रार्थनाही घेतली तर तिचा निर्णय कितपत स्वतंत्र, हा प्रश्न खरा आहे. शोमरोन्याने जखमी माणसाला सरायीत नेले, खर्चाला नाणी दिली आणि तो आपल्या वाटेने गेला. त्याने त्याला आपल्या डोंगरावर पूजेला बोलावले नाही. मुक्तीच्या कामाचे मोल मानताना मी ही गोष्टही लक्षात ठेवतो. परंतु ज्या गावकुसाबाहेर त्या मुली मरत होत्या तेथे आक्षेप घेणारे फार थोडे गेले, हेही तितकेच लक्षात ठेवतो.

त्याच काळात कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. पाच वर्षे दोघे दुरावली. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध झाली, आणि ज्याला या विषयाचा मर्मभाग पाहायचा आहे त्याने प्रवचनांच्या आधी ती उघडावीत. नवऱ्याच्या घरी परत येऊनही सोवळे, वेगळे पाणी, वेगळी चूल सांभाळणारी ही बाई एकाएकी नव्हे, पण मनाशी झगडत एका ठिकाणी येते: माणसामाणसांतला हा विटाळ देवाने नेमला नसून माणसानेच घातला आहे. जातिभेद तिने आधी सोडला, बाप्तिस्मा मागून घेतला. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. तिला देव सापडला तो पाण्याच्या तांब्याच्या वाटेने. कोणाच्या हातचे प्यावे, या अगदी घरगुती प्रश्नाच्या पलीकडे गेल्यावर.

टिळकांच्या नगरच्या घरात मग जे शेजार जमले त्याला हद्द राहिली नाही. दुष्काळातली पोरकी मुले आली. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, ब्राह्मण राहूनच त्या ख्रिस्ती घरात मुलासारखे राहिले. आणि १९१७ साली, मिशनचा पगार सोडून, टिळकांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापला, ज्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले ख्रिस्तभक्त एका बंधुत्वात यावेत अशी त्यांची कल्पना होती. शिंदेशाही रियासतीत वाढलेल्या मला ‘दरबार’ हा शब्द नीट कळतो: कोणाची बैठक कोठे, कोणाला गालिचा, कोणाला उभे राहणे, याच्या पिढीजात वहिवाटी. टिळकांनी तो शब्द घेऊन त्यातली बैठकीची उतरंडच काढून टाकली. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले. दरबाराला फार काळ लाभला नाही.

आता माझ्या घरची एक गोष्ट. १९२१ साली हजीऱ्याजवळ उभ्या राहिलेल्या बिर्लांच्या जियाजीराव कापडगिरणीच्या आधाराने या भागात जी माणसे आली त्यांत आमचे घर होते. भोंगा झाला की शेजारपाजारच्या घड्याळांची गरज उरत नसे. आमच्या आळीत नगरकडून आलेली एक मराठी ख्रिस्ती परिचारिका राहत होती. आईला दीर्घ दुखणे आले तेव्हा ती रोज रात्री, कामावरून सुटल्यावर, तिचे अंग पुसायला, पाठीच्या जखमा स्वच्छ करायला येई. पैसे घेत नसे. मकबऱ्याकडून आमच्या आळीत वळणारी तिची सायकल, खिळखिळ वाजणारी, अजून ऐकू येते. आजी तिला मानाने ‘सिस्टरबाई’ म्हणे, चहा केल्याशिवाय जाऊ देत नसे; पण तो चहा कान तुटलेल्या एका पांढऱ्या कपात, आणि तो कप स्वयंपाकघरात येत नसे, पडवीच्या कोनाड्यात उपडा ठेवलेला असे. सिस्टरबाई चहा पिऊन तो स्वतः विसळून कोनाड्यात परत ठेवी. तिने याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. जखमेवर नवी पट्टी बांधताना ती हळू आवाजात काही म्हणत असे, ते गाणे होते की प्रार्थना ते आम्हा मुलांना कळत नसे, आणि आईचे कण्हणे तेवढा वेळ थांबे.

हे चार महिने चालले. आईची जखम भरली त्या दिवशी आजीने सिस्टरबाईला पडवीत बसू दिले नाही. हाताला धरून माजघरात आणले, देवघराच्या बाजूच्या पाटावर बसवले आणि आपल्या रोजच्या पितळी फुलपात्रात चहा ओतून तिच्यापुढे केला. ‘‘आजी, हे तुमचं आहे,’’ सिस्टरबाई म्हणाली. ‘‘असू दे,’’ आजी म्हणाली, ‘‘पी.’’ फुलपात्र तापले होते, म्हणून सिस्टरबाईने ते पदराच्या टोकाने धरले आणि फुंकर घालत घालत, वेळ लावून, संपवले. नंतर सवयीप्रमाणे ते विसळायला उठली, तेव्हा आजीने ते तिच्या हातून घेतले, स्वतः घासले आणि इतर भांड्यांत ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिले, तर पडवीतला कोनाडा रिकामा होता.