विजेचा सांधा
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

रेल्वेचा इतिहास सांगताना आपण इंजिनं, पूल, बोगदे यांच्याबद्दल भरभरून बोलतो. सांध्यांबद्दल सहसा कोणी बोलत नाही. मला छोट्या आगगाड्यांचा नाद आहे. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत अख्खं स्टेशन कायमचं मांडून ठेवता येत नाही. ते वेगवेगळ्या फळ्यांवर करायचं, सुटीच्या दिवशी जोडायचं आणि पुन्हा माळ्यावर टाकायचं. पुण्याच्या भाऊ जोशींनी १९९८ मध्ये छोट्या रेल्वेचं संग्रहालय उघडलं. त्याआधी तेही हलवता येणाऱ्या मांडणीची प्रदर्शनं भरवत. अशा मांडणीत एका फळीवरची वीज दुसरीवर न्यायची कशी, हा खरा प्रश्न. त्याची उत्तरं आपल्या मोठ्या रेल्वेने केव्हाच शोधून ठेवली आहेत.

ठाण्याला गाडी आली १८५३ मध्ये, कल्याणला १८५४ मध्ये. तेव्हा सांध्याचं काम एकच, दोन रूळ एका रेषेत धरायचे. दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या लावून बोल्ट आवळले की झालं. ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईहून कुर्ल्याला पहिली विजेची गाडी धावली, १९२९ मध्ये ही वीज कल्याणमार्गे पुण्यापर्यंत पोचली आणि सांध्याचं काम वाढलं. गाडीला वीज मिळते वरच्या तारेतून, पण ती परत जाते रुळांतून. पट्टीच्या सांध्यात गंज शिरला की वीज अडखळते. म्हणून रुळांची टोकं तांब्याच्या जाड तारेने जोडली गेली. पट्टीने रूळ धरायचा, तारेने वीज न्यायची. फळ्यांचंही तसंच. रुळाला रूळ टेकला म्हणजे वीज पोचली, असं मानू नये. प्रत्येक फळीखाली स्वतंत्र तार हवी आणि तिच्या टोकाला प्लग.

मुंबईची वीज होती १५०० व्होल्ट डीसी. पुढे इगतपुरीपलीकडे २५ हजार व्होल्टची एसी आली. या दोन विजा एकमेकींना भिडू द्यायच्या नाहीत, म्हणून कितीतरी वर्षं इगतपुरीला इंजिन बदलत असत. १९९० च्या दशकात दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं कल्याणच्या शेडमध्ये आली. दोन तारांच्या मध्ये वीज नसलेला तुकडा असे. तो गाडी वेगाच्या जोरावर पार करी. मग डीसी टप्प्याटप्प्याने हटली. २००६ मध्ये टिटवाळा-कसारा, जून २०१५ मध्ये मुख्य मार्ग आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्ग एसीवर गेला.

यातून घ्यायचं ते असं. रूळ आणि सिग्नल यांच्या विजा वेगळ्या असतील, तर त्यांचे प्लगही वेगळ्या घडणीचे असावेत. एकाचा दुसऱ्यात बसताच कामा नये. जुन्या संगणकाच्या प्रिंटरला असे तो पंचवीस पिनांचा प्लग सिग्नलांसाठी उत्तम, कारण त्याचा आकारच असा की तो उलटा बसत नाही. रुळांसाठी मात्र जाड पिनांचा घ्यावा. दाब सोळा-सतरा पट वाढल्यावर तेवढ्याच कामाला प्रवाह तितक्या पटीने कमी लागतो, म्हणून एसीची वरची तार बारीक असली तरी चालते. आपले रूळ चालतात जेमतेम १२ व्होल्टवर. तिथे हिशेब उलटा. दाब कमी, म्हणून प्रवाह जास्त आणि बारीक पिन तापणार.

वीज जिकडून येते त्या बाजूला भोकांचा सॉकेट ठेवावा, उघड्या पिना नकोत. आणि घरातल्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये बसेल असा तीन पिनांचा प्लग फळ्या जोडायला कधीही वापरू नये. घरात मुलं असतात. एखाद्या सुटीत कोणीतरी तो प्लग भिंतीत खुपसेल, आणि २३० व्होल्ट त्या उघड्या रुळांवर येतील. मोठ्या रेल्वेने दोन विजांमध्ये मोकळा तुकडा ठेवला, तो अशाच चुकीचा विचार करून. चूक कोणाकडूनही होऊ शकते. सांधाच असा निवडावा की ती करताच येऊ नये.